कातळावरचे हत्ती-गेंडे 'नामशेष' नव्हेत

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोकणातील कातळशिल्पांवर आलेला आपला लेख आमच्या राजापूर तालुक्यात पुष्कळांनी आवडीने वाचला. छायाचित्रे उत्तम होती आणि सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) या ठेव्याला आपण पान भरून जागा दिलीत, याबद्दल आभार मानलेच पाहिजेत. तथापि, ही चित्रे 'आदिमानवाने बेसुमार शिकार करून नामशेष केलेल्या हत्ती-गेंड्यांची' असल्याचे जे विधान लेखात आहे, त्यात एकाखाली एक अशा दोन चुका दडलेल्या आहेत. पर्यटकांना सडा दाखवणारी आमच्याकडची मुले ते वाक्य आता जसेच्या तसे सांगू लागली असल्यामुळे, तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला गप्प राहवत नाही.

पहिली चूक 'नामशेष' या शब्दाची. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या आकृतीच्या आत इतर अनेक लहानमोठे प्राणी कोरलेले आहेत. परंतु हत्ती हा प्राणी काही संपलेला नाही. २००२ साली कर्नाटकातून उतरलेले हत्ती तिळारीच्या खोऱ्यात आले, तेव्हापासून दोडामार्गातील माड-पोफळीच्या बागायतदारांना त्यांची चांगलीच ओळख आहे; हत्ती नामशेष झाल्याचे त्यांना कोणी सांगून पाहावे. गेंड्याचेही तेच. एकट्या काझीरंगात २०२२ च्या गणनेत २,६१३ एकशिंगी गेंडे मोजले गेले. हे प्राणी कोकणातून नाहीसे झाले, पृथ्वीवरून नव्हे, आणि या दोन गोष्टींची कारणे बहुधा वेगवेगळी असतात.

आपल्या देशात खरोखर नामशेष झालेले मोठे प्राणी वेगळेच आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातील गाळात ज्यांची हाडे सापडतात तो सरळ सुळ्यांचा प्रचंड हत्ती पॅलिओलोक्सोडॉन, हत्तीचाच दूरचा नातलग स्टेगोडॉन आणि हेक्साप्रोटोडॉन नावाचा पाणघोडा हे त्यांतले ठळक. शहामृगही एके काळी महाराष्ट्रात होता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याचे, नक्षी कोरलेले कवच मिळालेले आहे. (कातळशिल्पांतील एखाद-दुसरी आकृती पाणघोड्याची असल्याचे म्हटले जाते. तसे असेल, तर तेवढ्या एका आकृतीपुरता आपल्या लेखकांचा शब्द खरा ठरेल.)

दुसरी चूक 'बेसुमार शिकार' या सरसकट निदानाची. हा विचार निराधार आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पॉल मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात तो जोरकसपणे मांडला. उत्तर अमेरिकेत मॅमथ व मॅस्टोडॉन हे हत्तीचे प्राचीन नातलग, जमिनीवर राहणारे महाकाय स्लॉथ यांसह मोठ्या सस्तन प्राण्यांचे दोन-तृतीयांशाहून अधिक प्रकार हिमयुगाच्या अखेरीस संपले आणि त्याच सुमारास, म्हणजे सुमारे १३,००० वर्षांपूर्वी, दगडी भाल्यांची टोके घडवणारे शिकारी तेथे पसरलेले दिसतात. नेमका त्याच काळात हवामानातही मोठा उलथापालथीचा फेरा आला होता, त्यामुळे दोष कोणाकडे किती, यावर साठ वर्षे वाद चालू आहे. मॅमथ किंवा मॅस्टोडॉन माणसाने मारल्याचा निःसंशय पुरावा देणाऱ्या जागा त्या अवाढव्य खंडात वीसही भरत नाहीत, हा हवामानवाद्यांचा मुद्दा आहे. न्यू मेक्सिकोत सापडलेले मानवी पाऊलठसे २१ ते २३ हजार वर्षांपूर्वीचे असल्याच्या निष्कर्षामुळे, माणूस आला आणि लगोलग प्राणी संपले ही मांडणीही पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही.

बेटांवर मात्र उत्तर बरेच स्वच्छ मिळते. न्यूझीलंडमध्ये पॉलिनेशियन लोक तेराव्या शतकात पोहोचले आणि मोआ या उंच, न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सर्व नऊ जाती त्यानंतर दीडएकशे वर्षांत संपल्या. तेव्हा कोणतेही हिमयुग संपत नव्हते. मुख्य भूमीवरील महाकाय स्लॉथ गेल्यानंतरही कॅरिबियन बेटांवरचे स्लॉथ हजारो वर्षे तग धरून होते आणि माणूस तेथे उतरल्यावरच ते नाहीसे झाले. पण सायबेरियाच्या उत्तरेकडील रॅन्गेल बेटावर मॅमथ सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत जगले, तर अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ त्याआधीच, माणसाचे पाऊल त्या बेटावर पडलेले नसतानाच, गोड्या पाण्याच्या टंचाईने संपले. ज्याला सगळीकडे एकच आरोपी हवा आहे, त्याची येथे पंचाईत होते.

थोड्या शिकारीनेही मोठा प्राणी कसा संपतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला फार समजवावे लागू नये. बांगडा, तारली हे मासे अफाट अंडी घालतात, म्हणून एखादा हंगाम वाईट गेला तरी पुन्हा वर येतात. मुशीला (शार्कला) मात्र वयात यायला वर्षे लागतात आणि पिल्ले मोजकी होतात, म्हणून मासेमारी वाढली की तीच आधी कमी होते. हत्तीण बावीस महिने गाभण असते आणि पुढचे पिल्लू चार-पाच वर्षांनी येते. अशा कळपातून दरवर्षी जन्मापेक्षा दोन-तीन जनावरे जास्त गेली, तरी काही शतकांत कळप संपतो आणि कोणत्याही एका पिढीला आपण काही संपवत आहोत असे वाटतही नाही. 'बेसुमार' या शब्दावर माझा आक्षेप आहे तो यामुळेच: शिकार सुमारात असली तरी पुरते.

असे असताना भारतात आणि आफ्रिकेत इतके मोठे प्राणी टिकले कसे, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या लेखात तो आलाच नाही. तमिळनाडूतील अत्तिरमपक्कम येथील दगडी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. म्हणजे आपल्याकडचे हत्ती, गवे, गेंडे लक्षावधी वर्षे दोन पायांच्या शिकाऱ्याला ओळखून, त्याला टाळत घडत आले. अमेरिकेतल्या प्राण्यांना तशी सवड मिळालीच नाही. भारतीय उपखंडातील जीवाश्मांचा अद्वैत जुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास सांगतो की, येथील मोठे प्राणी नाहीसे होण्याची सुरुवात सुमारे ३०,००० वर्षांपूर्वी झाली आणि अमेरिकेच्या मानाने ही हानी बरीच कमी होती. कमी होती म्हणजे नव्हती, असे नाही. वर सांगितलेले पॅलिओलोक्सोडॉन आणि स्टेगोडॉन याच काळात गेले.

मग कोकणातला गेंडा कुठे गेला? कातळावर कोरलेल्या रेषेचे वय कोळशासारखे थेट मोजता येत नाही, त्यामुळे चित्रांच्या काळावर अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांत शेतीची दृश्ये आढळत नाहीत, यावरून ती कोरणारे शिकारीवर जगत असावेत असा तर्क केला जातो आणि तो पटण्यासारखा आहे. पण शिकार करणे वेगळे आणि संपवणे वेगळे. गुजरातेत लांघणज येथे गेंड्याच्या खांद्याचे हाड ऐरणीसारखे वापरलेले सापडले. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. आणि सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या बाजूला गेंड्यांची शिकार केली. भाल्याने मारणाऱ्यांच्या हजारो वर्षांत जो टिकला, तो गवताळ पाणथळ जमिनी नांगराखाली गेल्यावर मागे हटत गेला, असे या पुराव्यावरून मला दिसते. त्यात समुद्राचाही वाटा धरला पाहिजे. २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आपला किनारा पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर होता. पाणी चढले, तेव्हा त्या सपाट पट्ट्यातली सारी कुरणे आणि नद्यांची मुखे बुडाली. उरलेल्या चिंचोळ्या कोकणात गेंड्याला पुरेल असे कुरण ते किती राहिले असेल!

आगीचा विषय लेखात एका ओळीत संपवला आहे, तो अधिक मोठा आहे. ऑस्ट्रेलियातील महाकाय प्राणी संपण्यामागे माणसाने लावलेल्या वणव्यांनी बदललेली झाडी हे एक कारण मानणारे शास्त्रज्ञ आहेत आणि ते न मानणारेही आहेत. तरव्यासाठी, म्हणजे भाताच्या रोपांसाठी, जमीन भाजणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला आगीने जमिनीवरचे गवत कसे बदलते हे ठाऊक असते. परंतु सड्यावर आज दिसणारा उघडा कातळ आदिमानवाच्या आगीमुळे झाला, असे लेखकांनी सुचवले आहे, ते भूगोलाला धरून नाही. सड्याचा हा कातळ जांभ्याचा आहे आणि जांभा हा पावसाच्या पाण्याने खडक झिजून, त्यातले विरघळणारे घटक वाहून जाऊन आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून बनतो. त्याला लाखो वर्षे लागतात.

आमच्या भागात एका ठिकाणी चित्रांशेजारी उभ्या केलेल्या फलकावरही 'शिकारीमुळे नामशेष झालेले प्राणी' असेच लिहिले आहे. फलक लावणाऱ्यांना मी दोन वर्षांपूर्वी पत्र दिले होते, त्याची पोचही आली नाही. आपल्या वृत्तपत्राने 'कोकणातून नाहीसे झालेले प्राणी' अशी दुरुस्ती छापली, तर ते कात्रण घेऊन मला पुन्हा त्यांच्याकडे जाता येईल.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी