अंधाराच्या गोष्टींनाही रविवारचं पान द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भयकथा आणि काळोख्या अद्भुत कादंबऱ्या तरुण मुलांचं डोकं बिघडवतात, असं एका वाचकांचं पत्र आपण गेल्या रविवारी छापलं. मी एकोणसत्तर वर्षांची आहे. नारायण धारपांचं पहिलं पुस्तक चौदाव्या वर्षी हाती आलं, तेव्हापासून या पुस्तकांवर माझा जीव आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या रामबागेतल्या वाड्यात रात्री दिवे गेले की आजी गोष्टी सांगायची. तिच्या प्रत्येक भुताला हद्द होती. मुंजा पिंपळावरचा, गिऱ्हा पाण्यातला, चकवा रात्रभर फिरवील पण उजाडलं की सोडील. आणि प्रत्येकाच्या मागे काहीतरी राहून गेलेलं असायचं. मुंज झाली आणि लग्नाआधीच गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अळवंतीण. आजीची थोरली बहीण बाळंतपणातच गेली होती. ही गोष्ट सांगताना आजी कधी 'अळवंतीण' म्हणायची नाही, 'ती' म्हणायची. 'ती विहिरीशी येते, पण कुणाला काही करत नाही.' आजी का असं म्हणायची, ते मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळलं.

आजच्या डार्क फँटसीत शापित राज्यं असतात, देवांशी केलेले सौदे असतात, माणसाची हाव अंगावर खवल्यांसारखी उगवलेली असते. मला त्यात आजीचीच रीत दिसते. जे घरात उघड बोलता येत नाही, त्याला तिथे शरीर मिळतं, दात मिळतात. मग त्याच्याकडे बघता येतं.

एप्रिल २०२१ मध्ये आमचे हे अकरा दिवस दवाखान्यात होते. भेटायला जाता येत नव्हतं. रात्री पोथी उघडून बसायचे, अक्षर लागायचं नाही. शेवटी नातीच्या कपाटातली एक जाडजूड भय-कादंबरी काढली. त्यातल्या सैतानाला नाव होतं. कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरठा ओलांडता येत नव्हता. तो काय किंमत मागतो, हे आधी ठरलेलं होतं. बाहेर जे चाललं होतं त्याला नाव सोडून काहीच नव्हतं, ना उंबरठा, ना नियम. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. पुस्तकातली भीती मात्र मला हवी तेव्हा मिटता येत होती, आणि मी ती मिटत नव्हते, पहाटेपर्यंत वाचत होते. बाराव्या दिवशी हे घरी आले. त्या रात्री मी कशाच्या आधाराने काढल्या, हे मी यांनाही अजून नीट सांगितलेलं नाही.

पत्रलेखक या लेखनाला परकं म्हणतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, त्यांत भयानक, बीभत्स आणि अद्भुत हे तिन्ही आहेत. भयानकाची देवता काल, बीभत्साची महाकाल. ज्यांच्या दर्शनाला आपण इंदूरकर सकाळी निघून दुपारी जेवायला परत येतो, तेच महाकाल. शृंगार आणि करुण आपले, आणि हे तीन तेवढे परके, असं कसं?

नुसता रक्ताचा चिखल करणारी पुस्तकं आहेत, हे मी मान्य करते. ती मी पन्नासाव्या पानाशी ठेवून देते. लहान मुलांच्या हाती काय द्यावं, हे मोठ्यांनी आधी वाचून ठरवावं, हेही पत्रलेखकांचं बरोबर आहे. पण त्यासाठी मोठ्यांनी वाचायला तर हवं. मी ज्या वाचनालयात जाते तिथे धारप आणि रत्नाकर मतकरी अगदी खालच्या फळीवर आहेत, मुखपृष्ठं गळालेली, शिवण सुटलेली. पुस्तकांची ही गत न वाचल्यामुळे झालेली नाही. इतकी वाचली गेलेली पुस्तकं पुन्हा बांधून घ्यावीत, असं मात्र कुणाला वाटलेलं नाही.

माझी एक विनंती आहे. रविवारच्या पुरवणीत कविता आणि चरित्रांची परीक्षणं येतात, तशी महिन्यातून एकदा एखाद्या भय-अद्भुत पुस्तकाचीही यावी. कुठलं चांगलं, कुठलं पोकळ, कुठलं कोणत्या वयाला, हे जाणत्या माणसाने लिहावं. माझी नात सोळा वर्षांची आहे. हे सगळं ती इंग्रजीत वाचते आणि मला विचारते, 'आजी, मराठीत नवीन काय आहे?' मी तिला पन्नास वर्षांपूर्वीची नावं सांगते.

आपली नियमित वाचक,
रामबाग, इंदूर