शनिवारी रात्री ८ ला सिनेमा, वेळेवर या!

सभासदहो, येत्या शनिवारी वाशीच्या नेहमीच्या हॉलमध्ये '२८ वीक्स लेटर' (२००७) दाखवणार आहोत. डॅनी बॉइलच्या २००२ सालच्या '२८ डेज लेटर'चा हा पुढचा भाग. पहिला पाहिला नसेल तरी अडणार नाही. सुरुवात मात्र चुकवू नका: घरावर झोंबींचा हल्ला होतो आणि नट रॉबर्ट कार्लाइल बायकोला तिथंच टाकून शेतातून पळत सुटतो. (झोंबी म्हणजे एरवी चालती-फिरती प्रेतं, पण यातले मेलेले नाहीत, विषाणू लागलेली जिवंत माणसं आहेत. म्हणून धावतात, तेही सुसाट!)

लहान मुलांना आणू नये. मागच्या वेळी एक पोरगं रात्रभर झोपलं नाही, बोलणी आम्ही खाल्ली.

पावणेदहापर्यंत संपेल, ऐरोली-ठाण्याच्या मंडळींना लोकल मिळेल. चहा आहे, वडापाव आपापला.