गलवान आणि बीजिंगची बँक

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत आपले वीस जवान गेले आणि हे सरकारचे लोक पुन्हा चीनच्याच मांडीला मांडी लावून ब्रिक्स गटाच्या फोटोत बसतात, याला धोरण म्हणायचं की कोडगेपणा?" असं तू विचारलं आहेस. फोनवर उत्तर दिलं असतं तर दोन मिनिटांत तुझा आवाज चढला असता आणि माझाही. म्हणून लिहितो.

आधी तुझ्याच बाजूचा एक पुरावा तुला देतो. गलवानची चकमक १५ जून २०२० च्या रात्री झाली. त्यानंतर चारच दिवसांनी, १९ जूनला, भारत सरकारनं एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँकेशी ७५ कोटी डॉलरच्या कर्जाचा करार केला. करोनाच्या काळात गरिबांना मदत आणि आरोग्यावरचा खर्च यांसाठी ते पैसे होते. या बँकेचं मुख्यालय बीजिंगमध्ये आहे आणि तिच्यातली २६ टक्क्यांच्या आसपास मतं एकट्या चीनची आहेत. २९ जूनला आपण टिकटॉकसह ५९ चिनी ॲप बंद केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ऑगस्टमध्ये त्याच बँकेकडून मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी आणखी ५० कोटी डॉलरचा करार झाला. त्याची बातमी कोणी फारशी वाचली नाही.

आता शिव्या द्यायच्या आधी पुढचं ऐक. या बँकेत आपण चीनखालोखाल दुसरे मोठे भागधारक आहोत आणि तिच्याकडून सर्वांत जास्त कर्ज घेणारेही आपणच. म्हणजे सावकाराच्या ओट्यावर हात पसरून बसलोय असं नाही, भांडवलात आपला वाटा आहे. जूनमधल्या त्याच कार्यक्रमाला मनिलाच्या आशियाई विकास बँकेनं दीड अब्ज डॉलर दिले होते आणि तिचा अध्यक्ष आजवर कायम जपानी माणूसच झाला आहे. पैसा असा चहूकडून येतो. चार दिवसांत सही केली हे मलाही खटकलं होतं, पण ती केली नसती तर नुकसान चीनचं झालं नसतं, आपलंच झालं असतं.

गावाकडे बांधाला बांध लागलेले दोन शेतकरी तू पाहिलेच असशील. बांधावरून कोर्टात दावा चालू, एकमेकांच्या लग्नाकार्याला जाणं बंद, पण साखर कारखान्याच्या सभेत उसाच्या दराचा विषय निघाला की दोघं एकाच बाजूनं हात वर करतात. त्याला कोणी मैत्री म्हणत नाही आणि ढोंगही म्हणत नाही. भारत आणि चीन यांचं जगाच्या व्यासपीठावरचं वागणं मला साधारण असंच दिसतं. फक्त एक मोठा फरक आहे. या दोघांपैकी एक जण मधल्या काळात संचालक मंडळावर जाऊन बसला आहे आणि दुसरा अजून सभासदांच्या रांगेत आहे. माझं म्हणणं सगळं त्या फरकाबद्दल आहे.

एकत्र कुठे येतात ते आधी पाहू. २००८ च्या जुलैमध्ये जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेची बोलणी फिसकटली, ती शेतीमालाच्या मुद्द्यावर. बाहेरचा स्वस्त माल अचानक ओतला गेला तर आपल्या शेतकऱ्याला वाचवायला आयातशुल्क वाढवता यावं, यावर आपले वाणिज्यमंत्री कमलनाथ अडून बसले आणि चीन त्यांच्या बाजूनं उभा राहिला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनची हवामान परिषद झाली. तिच्या आधी भारत, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांनी बीजिंगमध्ये बसून एकमेकांत सगळं ठरवून घेतलं होतं. शेवटच्या दिवशी ओबामा चीनचे पंतप्रधान वेन जिआबाओ यांना भेटायला निघाले आणि खोलीत शिरले तर तिथे मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला आणि दक्षिण आफ्रिकेचे झुमा आधीच बसलेले! कोपनहेगनचा मसुदा त्या खोलीत ठरला. युरोपचं कोणी तिथे नव्हतं. ज्यांनी शंभर-दीडशे वर्षं जगाचे नियम लिहिले ते बाहेर आणि आपण आत, हे पाहून त्या वेळी मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू?

आज मात्र तो प्रसंग मला तितकासा निर्मळ वाटत नाही. 'विकसनशील देश' या एका नावाखाली आपण दोघं उभे होतो, पण आतली आकडेवारी एक नव्हती. आज जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी तीस टक्क्यांच्या आसपास चीन सोडतो, आपण आठेक टक्के. माणशी हिशेब केला तर चीनचा माणूस आपल्या चौपटीच्या घरात जातो. म्हणजे युक्तिवाद आपल्या गरिबीचा आणि आडोसा त्यांच्या कारखान्यांना, असा तो व्यवहार झाला. आपल्यालाही त्यातून मोकळीक मिळाली हे खरं. पण किंमत कोणी जास्त वसूल केली हे उघड आहे. हल्ली चीनच ती चौकट सोडू लागला आहे. व्यापार संघटनेत विकसनशील देश म्हणून यापुढे नव्या सवलती मागणार नाही, असं त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. त्याआधी २०२४ मध्ये अबू धाबीला गुंतवणुकीबाबतचा चीनच्या पुढाकाराचा करार आपण संघटनेत येऊ दिला नव्हता. २००८ च्या जोडीदारांचं हे असं झालं.

पैशाच्या बाबतीत दोघांचं गाऱ्हाणं एकच होतं. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत अमेरिकेकडे साडेसोळा टक्के मतं आहेत आणि मोठ्या निर्णयांना पंच्याऐंशी टक्के लागतात, म्हणजे अमेरिकेची संमती नसेल तर पान हलत नाही. २०१० मध्ये ठरलेली जुजबी सुधारणा अमेरिकी काँग्रेसनं पाच वर्षं अडवून धरली आणि ती जानेवारी २०१६ मध्ये लागू झाली. त्याच महिन्यात बीजिंगची बँक सुरू झाली. आधी २०१४ मध्ये ब्रिक्सची न्यू डेव्हलपमेंट बँक ठरली होती. तिथे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या पाचही देशांनी सारखं भांडवल घातलं, मुख्यालय शांघायला आणि पहिले अध्यक्ष आपले के. व्ही. कामत. सारखा वाटा ही अट माझ्या मते आपल्या मुत्सद्द्यांनी अलीकडे मिळवलेल्या चांगल्या गोष्टींपैकी एक आहे. पण त्याच वेळी उभारलेला शंभर अब्ज डॉलरचा संकटनिधी बघ. त्यात चीनचे ४१ अब्ज आणि आपले १८. बरोबरी आहे, पण चीन परवानगी देईल तिथपर्यंत.

आणि खुर्चीचा प्रश्न आला की ही सगळी सोबत संपते.

इथे तू नेहरूंना मध्ये आणणार हे मला माहीत आहे. "सुरक्षा परिषदेची जागा आपल्याला मिळत होती, ती चीनला देऊन टाकली." १९५० मध्ये अमेरिकेकडून आणि १९५५ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांच्याकडून तशी चाचपणी झाली होती आणि नेहरूंनी ती नाकारली, एवढं बरोबर. पण संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचं १०८ वं कलम काय सांगतं? सनद बदलायला दोनतृतीयांश देश हवेत आणि पाचही कायम सदस्यांची मान्यता हवी. तेव्हा त्या पाचांत चीनच्या नावानं तैवानमधलं, तैपेईचं चँग कै-शेक सरकार बसलेलं होतं. ते आपली खुर्ची आपण होऊन सोडणार होतं का? जी वस्तू देणाऱ्याच्या हातातच नव्हती, ती नाकारली म्हणून सत्तर वर्षं छाती पिटण्यात अर्थ नाही. मला जास्त विचार करायला लावते ती १९७१ ची गोष्ट. २५ ऑक्टोबरला आमसभेनं २७५८ क्रमांकाचा ठराव करून बीजिंगला ती जागा दिली आणि भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं. बासष्टच्या पराभवाला तेव्हा जेमतेम नऊ वर्षं झाली होती. आजच्या कुठल्याही पक्षाच्या सरकारला हे जमेल असं मला वाटत नाही.

त्या मताची परतफेड झाली का? नाही. आणि परराष्ट्र व्यवहारात तशी ती होत नसतेच. पाच कायम सदस्यांपैकी चौघांनी निदान तोंडानं तरी भारताच्या कायम जागेला पाठिंबा दिला आहे. चीननं आजवर स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. अणुपुरवठादार देशांच्या गटात २०१६ मध्ये सोलच्या बैठकीत चीननंच आपल्याला अडवलं. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही नाही, हे कारण पुढे केलं. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याला राष्ट्रसंघाच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालायला आपण वर्षानुवर्षं खेटे घातले. चीनचा तांत्रिक अडसर हटला आणि त्याचं नाव लागलं, ते १ मे २०१९ ला. बरेच चिनी नेते भारतात आले की डॉ. कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटतात. सोलापूरच्या त्या डॉक्टरबद्दल मला तुझ्याइतकाच आदर आहे, पण त्यांच्या पुण्याईवर सुरक्षा परिषदेत मत मिळत नाही.

आता तुला न आवडणारं लिहितो. चीन अडवतो हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं आपलं आपल्याकडे आहे. राष्ट्रसंघाच्या नियमित खर्चातला २० टक्के वाटा आज चीन उचलतो, आपला वाटा एक टक्क्याच्या जरा वर. काही वर्षांपूर्वी राष्ट्रसंघाच्या पंधरा विशेष संस्थांपैकी चार संस्थांचे प्रमुख चिनी होते: अन्न व शेती, दूरसंचार, नागरी विमान वाहतूक आणि औद्योगिक विकास. या खुर्च्या कोणी दान दिल्या नाहीत. माणसं तयार करायची, वर्षानुवर्षं खालच्या पदांवर पेरायची, छोट्या देशांची मतं एकेक करून गोळा करायची, असा तो उद्योग आहे. आपल्या परराष्ट्र सेवेत अधिकारी किती, तर हजाराच्या आसपास. एवढ्यांत सगळे दूतावास, दिल्लीतलं मंत्रालय आणि जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या समित्या. दूरसंचाराचं तांत्रिक मानक ठरवणाऱ्या कंटाळवाण्या बैठकीत जो देश दहा अभियंते घेऊन बसतो, त्याचा नियम जगाला लागू होतो. तिथे आपला एकच माणूस असेल, आणि तोही दुसऱ्या दिवशी वेगळ्या बैठकीला पळणारा, तर व्हेटोला दोष देऊन काय उपयोग?

जिथे आपण नेटानं काम केलं तिथे फळही दिसलं. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचं मुख्यालय गुरुग्रामला आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चं कायम सदस्यत्व मिळालं. क्षी जिनपिंग त्या परिषदेला आलेच नव्हते, पंतप्रधान ली च्यांग यांना पाठवलं होतं. आफ्रिकेत पैसा चीनचा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तरी तो मान आपल्याला घेता आला.

एका बाबतीत मात्र दोघं सारखेच अडेल आहेत आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. ती म्हणजे नद्या. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार आमसभेत मताला आला. चीननं विरोधात मत दिलं, आपण तटस्थ राहिलो. का? तर पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या दृष्टीनं आपण वरच्या अंगाचे. नियम आला तर आपलेही हात बांधले जाणार होते. आता जुलै २०२५ मध्ये चीननं तिबेटात यार्लुंग त्सांग्पोवर, म्हणजे आपल्या ब्रह्मपुत्रेवर, महाकाय जलविद्युत प्रकल्पाचं काम सुरू केलं आहे. आपण खालच्या अंगाला आहोत आणि ज्याचा आधार घेऊन बोलावं असा नियम हाती नाही. जागतिक नियम म्हणजे श्रीमंतांचं जोखड, असं आपण सरसकट म्हणत आलो. कधी कधी तो दुबळ्याचा एकमेव आधार असतो, हे ब्रह्मपुत्रेच्या काठी उभं राहिल्यावर कळतं.

व्यापाराचं फार लिहीत नाही, ते तू रोज वाचतोस. २०२४-२५ मध्ये चीनबरोबरची तूट ९९ अब्ज डॉलरच्या वर गेली. बहिष्काराच्या संदेशांनी ती हलली नाही. ते संदेश ज्या फोनवरून गेले त्यांतले कितीतरी चिनी कंपन्यांचेच.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: फोटोत बसावं, अवश्य बसावं. पण कुठल्या टेबलावर आपण जोडीदार आहोत आणि कुठल्या टेबलावर तो आपल्या वाटेत बसला आहे, याची यादी खिशात ठेवून बसावं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लडाख सीमेवरच्या देपसांग आणि डेमचोकच्या गस्तीबाबत समझोता झाला, लगोलग रशियात कझानला मोदी आणि क्षी यांची भेट झाली. पुढच्या वर्षी कैलास-मानसरोवराची यात्रा आणि थेट विमानं सुरू झाली. हे सगळं चांगलं झालं. सीमा शांत असलेली मला हवीच आहे. मात्र तेवढ्यावरून 'आशियाचं शतक' वगैरे भाषणं सुरू झाली की मी पान उलटतो.

एक काम सांगतो. जुलै २०२५ च्या रिओ ब्रिक्स परिषदेचं घोषणापत्र काढून सुरक्षा परिषदेचा परिच्छेद वाच. राष्ट्रसंघात, सुरक्षा परिषदेसह, अधिक मोठी भूमिका बजावण्याच्या ब्राझील आणि भारताच्या आकांक्षेला चीन आणि रशियाचा पाठिंबा आहे, असं त्यात म्हटलं आहे. कायम जागेचा उल्लेख नाही. २०२६ चं ब्रिक्सचं अध्यक्षपद आपल्याकडे आहे, म्हणजे मसुदा मांडणारे आपणच. त्या एका वाक्यात काय बदल होतो ते दोघं मिळून पाहू. बदलेल असं मला वाटत नाही, तुला काय वाटतं ते सविस्तर कळव. आणि या वेळी सात-आठ ओळींवर भागवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत