आधी जिंक, मग मार

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

केंदोत, त्या जपानी तलवारबाजीत, हात वेगाने चालतो, तरी मनगटावर सारखा मार बसतो, असं तू लिहिलंस. मग वेग वाढवून उपयोग नाही. घोळ वाराच्या आधीच होतोय. तिथले शिक्षक म्हणतात, मारून जिंकू नकोस, जिंकून मग मार. कोडं वाटतं खरं, पण त्याचा हिशेब पावलांचा आणि बोटांचा आहे.

एक पाऊल पुढे टाकलं की आपला वार पोचतो, एक मागे घेतलं की समोरचीचा चुकतो, त्या अंतराला 'इस्सोकु इत्तो' म्हणतात. शिनाईंची, म्हणजे बांबूच्या तलवारींची, टोकं तेव्हा साधारण १० सेंटिमीटर एकमेकींवर येतात. खरी लढत इथे. तू बहुधा त्याच्याही बाहेरून उडी घेतेस आणि त्यासाठी आधी डावा पाय ओढून उजव्यापाशी आणतेस. समोरचीला तेवढी खूण पुरते. त्यात पाय निघण्याआधीच हात वर गेले, की मनगट उघडं पडलंच. 'देबाना-कोते', म्हणजे समोरची वार सुरू करतानाच तिच्या मनगटावर मारणं, हा वार त्याच क्षणासाठी आहे.

त्याऐवजी 'सेमे' कर, म्हणजे मारण्याआधी पुढे सरकून समोरचीवर दाब आण. ही हूल नव्हे. हूल हातांनी देतात, सेमे कमरेतून निघतो. डावी मूठ बेंबीच्या किंचित खाली, पोटापासून एक मूठ पुढे. डावी टाच जराशी वर. टोक समोरचीच्या घशाच्या रोखाने. आता उजवा पाय थोडा सरकव, पण टोक मधल्या रेषेवरून ढळू देऊ नकोस. उजव्या हाताने रेटलंस की ते ढळतंच. डोकं झाकायला तिचे हात वर गेले तर 'दो', म्हणजे धडावर वार. तिचं टोक बाजूला गेलं तर 'मेन', म्हणजे डोक्यावर. ती हललीच नाही, तर मारू नकोस.

दचकणं, भीती, शंका, गोंधळ यांना तिथे चार आजार म्हणतात. यातला एक तिच्यात दिसला की वेळ तुझी. तुझ्यात उठला तर एक पाऊल मागे.

मनगटावर मारायचं म्हणून मनगटाकडे पाहिलंस, तर डोळेच चहाडी करतात. दूरचा डोंगर पाहावा तशी समोरची सगळीच्या सगळी एकदम पाहा. मियामोतो मुसाशी या जुन्या जपानी तलवारबाजानेही वरवरचं पाहणं हलकं आणि रोख ओळखणं भक्कम ठेवायला सांगितलंय.

गुण मिळाल्यावर मूठ उंचावलीस तर पंच तो काढून घेऊ शकतात. पुढे निघून जा, वळ, टोक पुन्हा घशाच्या रोखाने धर.

आणि शिनाईच्या चारही पट्ट्या रोज बोट फिरवून बघ. चिरलेल्या बांबूचं कुसळ मुखवट्याच्या जाळीतून थेट डोळ्यात जातं.

तुझा,
बाबा