‘ठाणे’ आणि स्लाव्हिक ‘स्तान’

संपादक महोदय,

आपल्या ठाणे पुरवणीतील स्थळनामांवरच्या टिपणात ‘ठाणे’ आणि रशियन ‘स्तान’ यांचे नाते दाखवले आहे. नाते खरे आहे. पण ‘रशियनने हा शब्द संस्कृतातून घेतला’ हे विधान चूक आहे आणि ते दुरुस्त व्हायला हवे.

आपल्या शहराचे नाव शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ‘श्रीस्थानक’ असे येते. प्राकृतात ‘स्थ’चा ‘ठ’ झाला, दोन स्वरांमधल्या ‘न’चा ‘ण’ झाला, ‘क’ गळाला. ठाणअ, मग ठाणे. लोकलमध्ये ‘पुढील स्थानक ठाणे’ ऐकतो तेव्हा एकच शब्द आधी तत्सम आणि मग तद्भव रूपात कानावर पडतो.

रशियन, चेक, पोलिश, सर्बियन या स्लाव्हिक भाषांची समान पूर्वज म्हणजे आद्य स्लाव्हिक. तिच्यातले रूप *स्तानु असे मांडतात. तारा अशासाठी, की ते कुठे लिहिलेले सापडत नाही, वंशज भाषांच्या तुलनेतून उभे केलेले असते. शेवटचा अस्फुट ‘उ’ पुढे सगळीकडे गळाला. आज चेकमध्ये ‘स्तान’ म्हणजे तंबू, सर्बियन-क्रोएशियनमध्ये राहता फ्लॅट, बल्गेरियनमध्ये छावणी आणि हातमागही. रशियात छावणी हा अर्थ होताच. 1837 पासून तालुक्याच्या पोलीस विभागालाही ‘स्तान’ म्हणू लागले. सर्बियनमध्ये तर पोलीस ठाणे म्हणजे ‘पोलित्सीस्का स्तानित्सा’! पोलिशमध्ये मात्र ‘स्तान’ म्हणजे स्थिती किंवा राज्य. हा अर्थ नंतरचा, तो मूळ रूपाला चिकटवू नये. मूळ अर्थ ‘थांबण्याची, तळ ठोकण्याची जागा’ एवढाच.

उसनवारी का नाही? केवळ ध्वनी पाहिले तर फसगत होते, कारण ‘स्थान’ उसना घेतला असता तरी ‘स्तान’च झाला असता. म्हणून शब्दाचे घर पाहावे लागते. स्लाव्हिकमध्ये ‘स्ताती’ (उभे राहणे) हा धातू स्वतःचाच आहे, त्याला ‘न’ प्रत्यय लागून नाम झाले. शेजारच्या लिथुआनियनमध्ये तेच नाम ‘स्तोनस’ आहे, आणि जुन्या दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ होणे हा तिथला नियमच. संस्कृत ‘स्थान’ आणि स्लाव्हिक ‘स्तान’ ही एकाच इंडो-युरोपीय घरातली भावंडे आहेत, आई-लेकरे नव्हेत. इंग्रजी ‘स्टेशन’ लॅटिनमार्गे त्याच इंडो-युरोपीय धातूवरून आला.

कझाकस्तानातला ‘स्तान’ फारसी आहे. तो ‘स्थान’चा जवळचा नातलग, पण स्लाव्हिक नव्हे, टिपणात या दोघांची सरमिसळ झाली आहे, तीही कृपया दुरुस्त करावी.

– भाषाविज्ञानाचे दोन अभ्यासक, नौपाडा, ठाणे (प.)