चालू जॉब कोणाचा आहे, हे आधी विचारणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

आपले नाव कुठेही छापू नये असे आपण जाताना बजावलेत, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. आमच्या प्रयोगशाळेतील ज्या विद्यार्थ्यांची कामे पुन्हा मार्गी लागली, त्यांना ते कोणासाठी आहे हे सांगावे लागणार नाही.

आमच्या क्लस्टरचे, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या संचाचे, बरेचसे नोड (त्यातले एकेक संगणक) ‘डाउन’ दिसत होते आणि जॉब, म्हणजे विद्यार्थ्यांनी दिलेली गणनेची कामे, रांगेत नुसते पडून होते. ज्या कंपनीशी देखभालीचा वार्षिक करार होता, तिचे अभियंते प्रत्येक तक्रारीवर सगळी यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करीत. त्यात कोणाची आठवडाभराची गणना वाया गेली याची चौकशी त्यांनी कधीच केली नाही, आणि शेवटी हार्डवेअर जुने झाले असल्याचे सांगून नव्या यंत्रांचे कोटेशन पाठवले. (कोटेशन तेवढे वेळेवर आले.)

ऐन पावसात, कार्यालय सुटल्यावर हार्बर लोकलच्या गर्दीतून आपण आलात आणि दोष घड्याळांत आहे हे दाखवलेत. नेटवर्कवरील ये-जा रोखणारी फायरवॉल बदलल्यापासून नोड अचूक वेळ पुरवणाऱ्या टाइम सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हते, त्यामुळे त्यांची घड्याळे महिनोन्महिने हळूहळू सरकत गेली होती. नोडना जॉब वाटून देणाऱ्या स्लर्म या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलर (त्याचा मुख्य नियंत्रक) आणि नोड परस्परांची ओळख ‘मंज’ या सेवेमार्फत पटवतात, आणि तिथले ओळखपत्र, वेगळे काही ठरवले नसेल तर, 5 मिनिटेच वैध असते, घड्याळांत त्याहून अधिक तफावत पडली की धडधाकट नोडचा निरोपही नाकारला जातो. नवी यंत्रे घेतली असती, तरी तीही कालांतराने याच कारणाने अडली असती.

तरीही हा दोष आज ना उद्या दुसऱ्या कोणाला सापडला असता, असे मला वाटते. कीबोर्डला हात लावण्याआधी आपण जे विचारलेत, ते मात्र आमच्याकडे तोवर कोणीही विचारले नव्हते: “आत्ता कोणाचे जॉब चालू आहेत?”

एका नोडच्या रॅममध्ये चुका होत होत्या. त्या आपोआप दुरुस्त होत असल्या, तरी रॅम बदलणे भाग होते, आणि नेमका त्याच नोडवर पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा जॉब चालू होता. आपण तिचा नंबर मागून घेतलात, डोंबिवलीच्या वाटेवर असलेल्या त्या मुलीला फोन केलात, आणि मध्येच थांबवल्यास सगळे पहिल्यापासून करावे लागेल हे कळताच नोड बंद न करता ‘ड्रेन’मध्ये टाकलात, म्हणजे चालू काम पूर्ण होईल आणि नवे येणार नाही. असे करताना स्लर्म कारण विचारतो. कंपनीचे लोक त्या जागी ‘टेस्ट’ किंवा नुसते टिंब टाकून मोकळे होत. आपण रॅम सदोष असल्याचे, तिचा जॉब संपेपर्यंत नोडला हात लावू नये हे, आणि त्याआधी बंद करायचाच झाला तर तिला विचारावे हे, सगळे नीट लिहिलेत. नोडची स्थिती पाहणाऱ्या कोणालाही ती ओळ दिसते. दुसऱ्या दिवशी तिने ती पाहिली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवली. स्वतःच्या कामाची दखल यंत्रावर कोणी अशी घेईल, हे तिला खरेच वाटत नव्हते.

अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत 2002च्या सुमारास ज्यांनी स्लर्म घडवायला घेतला, त्यांनाही चालू कामाची कदर असावी, कारण त्यात कंट्रोलर पुन्हा सुरू केला तरी नोडवरचे जॉब चालूच राहतात. इतका शिष्टाचार सॉफ्टवेअरमध्येच असताना, तो चालवणाऱ्या पगारी माणसांना पाळता येऊ नये, याचा मला आजही राग येतो. सर्व्हर रूममध्ये रूट पासवर्ड, म्हणजे यंत्रांवरचे सर्वाधिकार, हाती आलेला माणूस कोणालाही न विचारता काहीही बंद करू शकतो, आणि जाब विचारायला तिथे सहसा कोणी नसते. आपल्याकडेही तो पासवर्ड होता.

तो जॉब पूर्ण झाला, त्यानंतरच रॅम बदलली, आणि नोड पुन्हा कामाला लागला आहे. आता कारणाच्या रकान्यात पूर्ण वाक्य लिहिल्याशिवाय आमच्याकडे कोणताही नोड बाजूला काढला जात नाही.

मानधनाचा धनादेश आपण परत पाठवलात, त्याबद्दल वाद घालत नाही. मात्र त्या विद्यार्थिनीला प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपले नाव लिहायचे आहे आणि त्यासाठी ती आपल्या परवानगीची वाट पाहत आहे. तेवढी परवानगी तिला द्यावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
संगणक प्रयोगशाळेचा व्यवस्थापक, मुंबई