कान्तिन्फ्लासची गोम जिभेत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत मेक्सिकन विनोदवीर कान्तिन्फ्लासवर लेख आला. मराठी वृत्तपत्रांत हे नाव क्वचितच दिसतं, त्यामुळे बरं वाटलं. तक्रार मथळ्याबद्दल आहे. 'मेक्सिकोचा चॅप्लिन' ही उपमा जुनी आणि सोयीची, पण तिने माणूस निम्मासुद्धा कळत नाही. मिशीची दोन टोकं, कमरेखाली घसरलेली आणि दोरीने कशीबशी अडकवलेली विजार, खिशात दमडी नाही. साम्य एवढ्यावर संपतं. चॅप्लिनचा भटक्या मुका आहे. हा बोलायचा थांबत नाही.

कान्तिन्फ्लासचं खरं नाव मारिओ मोरेनो. त्याचा जन्म १२ ऑगस्ट १९११ रोजी मेक्सिको सिटीत झाला. वडील पोस्टात नोकरीला. मुलगा मात्र 'कार्पा'त, म्हणजे शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या तंबू-रंगभूमीवर घडला. कापडी तंबू, लाकडी बाकं, स्वस्त तिकीट. गाणी, कसरती आणि मधेमधे विनोदी प्रवेश. आपल्याकडच्या कनातीतल्या तमाशासारखा तिथलाही प्रेक्षक गप्प बसत नसे, आणि बतावणीतल्यासारखं नटाला त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे. एकदा भर मंचावर गोंधळून तो असंबद्ध बरळला, लोक हसले आणि तीच त्याची शैली झाली, अशी आख्यायिका सांगतात. खरं-खोटं काहीही असो, पुढचं बरळणं मात्र पक्कं बेतलेलं होतं.

त्याची घडण बघण्यासारखी आहे. वाक्य ठामपणे सुरू होतं. क्रियापद येण्याआधीच त्याला पोटवाक्य फुटतं, त्यातून आणखी एक. 'ओ सेआ' (म्हणजे), 'पोर्के' (कारण) असे जोडशब्द हजर असतात, पण जोडायला काही नसतं. आवाज आणि भुवया मात्र शेवटपर्यंत बिनतोड युक्तिवाद करणाऱ्या वकिलाच्या. मराठीत बेतून पाहिलं तर (हा कुठल्या चित्रपटातला संवाद नव्हे) असं काहीतरी होईल: 'मालक, पैशाचं म्हणाल तर मी नाही म्हणतच नाही. कारण नाही म्हणायला आधी कुणीतरी हो म्हटलेलं असावं लागतं, आणि तुम्ही तर… म्हणजे तुमच्याबद्दल नाही बोलत मी, पण तुमच्या जागी जो कुणी असेल, म्हणजे तुम्हीच, त्याला विचारा, की बाबा रे, घेणं ते घेणं आणि देणं ते… हां! गोम तिथंच आहे.' मालक मान डोलावतो आणि पैसे विसरतो.

लोंबती नाडी आठवून कुणी दादा कोंडके म्हणेल. वेशापुरतं ठीक. पण दादांच्या वाक्याला दोन अर्थ असत, याच्या वाक्याला एकही नसतो.

हे सारं सर्वांत नेमकं दिसतं ते १९४० च्या 'आई एस्ता एल देताये' या चित्रपटात (दिग्दर्शक हुआन बुस्तियो ओरो). नावाचा अर्थच 'गोम तिथंच आहे'. नायक बॉबी नावाचं पिसाळलेलं कुत्रं मारतो. त्याच टोपणनावाचा एक गुंडही मारला जातो आणि खुनाचा खटला याच्यावर येतो. 'बॉबीला मीच मारलं' असं तो अभिमानाने कबूल करतो. सरकारी वकील माणसाबद्दल विचारतोय, हा कुत्र्याबद्दल सांगतोय. शेवटी न्यायाधीश आणि दोन्ही वकील त्याच्याच भाषेत बोलू लागतात. हसू येतं ते इथे, कारण कायद्याची भाषा आधीपासूनच तशी होती हे तेव्हा लक्षात येतं.

तिथल्या पुढाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. १९३७ मध्ये कामगार नेते लुईस मोरोनेस यांनी वादाचं आव्हान दिलं तेव्हा प्रतिस्पर्धी लोम्बार्दो तोलेदानो म्हणाले, वादच घालायचा असेल तर कान्तिन्फ्लासशी घाला. कान्तिन्फ्लासने त्यावर छापील उत्तरही दिलं, अर्थातच काहीही न सांगणारं. १९९२ मध्ये स्पॅनिश अकादमीच्या कोशात 'कान्तिन्फ्लेआर' हे क्रियापद आलं: भरभरून बोलायचं आणि काहीच सांगायचं नाही.

'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' (१९५६) मधल्या पासपार्तू या नोकराच्या भूमिकेबद्दल त्याला गोल्डन ग्लोब मिळाला, हे लेखात आहे. मूळ कादंबरीत स्पेन येतच नाही. बैलझुंजीचा प्रसंग त्याच्यासाठी घातला, कारण विनोदी बैलझुंज हा त्याचा जुना हातखंडा. (कादंबरीतला पासपार्तू मुंबईत मलबार हिलच्या देवळात बूट घालून शिरतो आणि मार खातो.) पण 'पेपे' या त्याच्या दुसऱ्या हॉलिवूडपटाला (१९६०) सात ऑस्कर नामांकनं मिळूनही तो आपटला, याचं कारण लेखकाने 'दैव' दिलं आहे. दैव कसलं? त्याला इंग्रजीत बोलायला लावलं. परक्या भाषेत वाक्य मुद्दाम मोडता येत नाही, ते नुसतंच मोडकं निघतं.

सबटायटलांतही हेच होतं. पडद्यावर दोनच ओळी मावतात, म्हणून भाषांतरकार पुनरुक्ती छाटतो, अर्धी वाक्यं पुरी करतो, आणि उरतो तो एक साधा, किंचित बडबड्या गृहस्थ. इंग्रजीत आणखी एक गोष्ट हरवते: साहेबांना 'उस्तेद' म्हणत अदबीने सुरुवात करून मधेच तो 'चातो'वर (शब्दशः नकट्या, पण मायेने) घसरतो. इंग्रजीत सगळेच 'यू'. मराठीत 'आपण'पासून 'अरे'पर्यंतचा जिना तयार आहे. कुणी मराठी सबटायटलं केलीच तर वाक्यं तुटकीच ठेवावीत, 'म्हणजे' आणि 'कारण' गाळू नयेत.

नंतरचे चित्रपट मला फिके वाटतात. 'सू एक्सेलेन्सिया'त (१९६७) तो आंतरराष्ट्रीय सभेत लांबलचक भाषण करतो आणि त्याला चक्क अर्थ असतो! लोकांना ते आवडलं. पेलादितो, म्हणजे तो फाटका वस्तीकर, तिथे संपला असं माझं मत.

लेख वाचून कुणाला बघावंसं वाटलं तर १९४० चा चित्रपट आधी, मग 'एल हेन्दार्मे देस्कोनोसिदो' (१९४१), त्यात तो पोलीस शिपाई होतो. हॉलिवूडचे दोन सर्वांत शेवटी. स्पॅनिश येत नसली तरी खटल्याचा प्रसंग एकदा सबटायटल बंद करून ऐकावा.

कळावे,
आपला,
एक वाचक, कोल्हापूर